संशोधन शिकवायचे तर ‘कितींपैकी?’ या प्रश्नापासून

नागपूरजवळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम (सामुदायिक वैद्यकशास्त्र) विभागात नुकतेच रुजू झालेले एक सहायक प्राध्यापक विचारतात : द्वितीय वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना संशोधन पद्धती शिकवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सांख्यिकीवर आठ व्याख्याने घेतली, परंतु वर्ग रिकामा होत गेला. जी दहा-बारा मुले टिकून आहेत त्यांना आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिष्यवृत्तीचे प्रमाणपत्र आणि नावावर एखादा लेख हवा आहे. यांना खरे संशोधन शिकवायचे तर सुरुवात कोठून करावी?

तुमच्या प्रश्नातच अडचणीचे मूळ दिसते. तुम्ही सांख्यिकीपासून सुरुवात केली. पी-व्हॅल्यू, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर ही सांख्यिकीतली साधने, म्हणजे सारी विशिष्ट शंकांची उत्तरे आहेत आणि ज्या विद्यार्थ्याच्या मनात ती शंका अजून उद्भवलेलीच नाही, त्याला ते उत्तर पाठ करण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून पुढचा एक महिना व्याख्याने पूर्णपणे थांबवावीत, असे मी सुचवते. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमातही संशोधनाचा प्रश्न तयार करणे हे कौशल्य सांख्यिकीच्या पद्धतींच्या आधी येते. आपणच शिकवताना हा क्रम उलटा करतो, कारण सूत्रे फळ्यावर लिहिणे सोपे असते.

मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी एकच प्रश्न देते : कितींपैकी? वॉर्डात राऊंडच्या वेळी कोणी म्हणते, हिवाळ्यात सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण फार येतात. कोणी म्हणते, सर्पदंशाचे बहुतेक रुग्ण आधी मांत्रिकाकडे जाऊन येतात. कोणी म्हणते, या औषधाने सगळ्यांना गुण येतो. ‘फार’, ‘बहुतेक’ आणि ‘सगळ्यांना’ या तीन शब्दांवर आपले निम्मे वैद्यकीय बोलणे चालते. ‘कितींपैकी किती’ हा अपूर्णांक आहे. त्याचा अंश सगळ्यांना दिसतो, कारण तो रुग्ण समोर खाटेवर असतो. छेद कोणालाच दिसत नाही, कारण जे आले नाहीत, जे परत गेले, ज्यांची नोंद झाली नाही, ते सगळे त्या छेदात असतात. विद्यार्थ्याला छेद शोधण्याची सवय लागली, की उरलेले संशोधनशास्त्र त्याला हळूहळू समजत जाते, कारण नमुना निवड, पूर्वग्रह, प्रतिसाद न देणारे, तुलना-गट या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो.

पहिला सराव म्हणून मी रक्तदाबाच्या नोंदी मोजायला लावते आणि तुम्हीही हेच करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. विभागप्रमुखांची आणि वॉर्डप्रमुखांची रीतसर परवानगी घ्यावी, रुग्णांची नावे अजिबात उतरवू नयेत आणि पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाने केसपेपरवरील शंभर-दोनशे सिस्टोलिक (रक्तदाबाच्या वरच्या) नोंदींचा फक्त शेवटचा आकडा लिहून आणावा. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. त्यामुळे नोंद प्रामाणिकपणे वाचली असेल तर शेवटी ०, २, ४, ६ आणि ८ हे आकडे साधारण सारख्याच प्रमाणात, म्हणजे प्रत्येकी पाचापैकी एकदा यायला हवेत. विद्यार्थी मोजतात आणि त्यांना शून्यांची रांग दिसते : १२०, ११०, १३०, १२०. एखादा विषम आकडा आढळला, तर पाऱ्याच्या यंत्रावर तो आलाच कसा, हा वेगळा प्रश्न उभा राहतो. त्याच कागदांवर श्वसनाचा वेग पाहिला, तर १८ आणि २० यांखेरीज फारसे काही सापडत नाही, कारण पूर्ण मिनिटभर श्वास मोजणारे थोडेच असतात.

या सरावाला कोणतेही सूत्र लागत नाही. परंतु त्या दुपारी विद्यार्थ्याला कळते, की कागदावरचा आकडा कोणीतरी, कोणत्या तरी घाईत, कोणत्या तरी सवयीने लिहिलेला असतो आणि उद्या त्याने स्वतः लिहिलेला आकडाही तसाच असू शकतो. हे समजल्यावर मुले आपण होऊन विचारतात, की शून्यांचे हे प्रमाण योगायोगाने इतके येऊ शकेल का? काय-स्क्वेअर शिकवण्याची वेळ तीच. मात्र नोंद करणाऱ्या परिचारिकेला किंवा इंटर्नला दोष देण्याकडे चर्चा वळू देऊ नका. एका रात्रपाळीत किती रुग्णांचे रक्तदाब एकट्याने घ्यावे लागतात, हेही त्याच गटाने मोजून यावे. तोही छेदच आहे.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक मी दरवर्षी वर्गात सांगते, कारण पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा ती अधिक लक्षात राहते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात मी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या औषध घेण्याच्या नियमितपणावर एका विद्यार्थ्याकडून अभ्यास करून घेतला. ओपीडीत औषध न्यायला येणाऱ्या रुग्णांना आम्ही विचारले आणि जवळजवळ सगळे नियमित औषध घेतात, असा निष्कर्ष निघाला. आम्ही आनंदाने अहवाल दिला. ज्यांनी औषध सोडले होते ते ओपीडीत येणारच नव्हते, हे ना त्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले, ना माझ्या. आणि तपासणाऱ्यांपैकीही कोणी तो प्रश्न विचारला नाही. आम्ही नोंदणी रजिस्टरमधून आधीच्या वर्षाची नावे घेऊन सुरुवात करायला हवी होती. तो अहवाल आजही माझ्याकडे आहे आणि तो हातात घेतला की मला वाईट वाटते, कारण त्या विद्यार्थ्याने मनापासून काम केले होते आणि त्याला चुकीच्या दारात मी उभे केले होते.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या विदर्भातच आहे आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे. नागपूरच्या मेडिकलमध्येच शिकलेल्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास केला, जो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले आणि त्याआधी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. हे दोन आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहा आणि विद्यार्थ्यांना विचारा, की हाच अभ्यास दवाखान्यात बसून केला असता तर छेदात कोण आले असते? त्या प्रश्नानंतर वर्गात जी शांतता पसरते, तिच्यात नमुना निवडीचा अर्धा धडा शिकवून होतो. या अभ्यासासाठी दुर्मीळ यंत्रसामग्रीपेक्षा घरोघरी जाण्याची तयारी आणि स्त्रियांचा विश्वास अधिक लागला, हेही आवर्जून सांगावे.

आता विषय निवडीकडे येते. तुमची दहा-बारा मुले बहुधा ‘वैद्यकीय विद्यार्थ्यांमधील अमुक विषयाचे ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण’ असा विषय घेऊन येतील आणि गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून आठवड्यात दोनशे उत्तरे गोळा करतील. माझे मत स्पष्ट आहे : पहिल्या अभ्यासासाठी हा मार्ग विद्यार्थ्याला देऊ नये. फॉर्म कितीजणांपर्यंत पोहोचला हे ठाऊक नसल्यामुळे छेदच नाहीसा होतो. ज्यांना विषयात रस आहे तेच भरतात. आणि आचरणाच्या रकान्यात माणूस जे करतो त्यापेक्षा जे करायला हवे ते लिहितो. त्याहून मोठे नुकसान असे, की विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीतून बाहेरच पडत नाही. रुग्णासमोर, रजिस्टरसमोर किंवा कोणाच्या अंगणात बसून एकही आकडा न मिळवता त्याचे ‘संशोधन’ पूर्ण होते.

चांगला विषय बहुधा छोटा असतो आणि जवळच असतो. सिकलसेलचेच घ्या, विदर्भात हा आजार घराघराला माहीत आहे आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासण्याही मोठ्या प्रमाणावर होत आहेत. ‘नागपूर जिल्ह्यातील सिकलसेलचे प्रमाण’ हा विषय विद्यार्थ्याला दोन महिन्यांत पेलणारा नाही. परंतु त्यातला एक छोटा प्रश्न पेलेल. सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी वाहक आणि ग्रस्त अशा दोघांमध्येही पॉझिटिव्ह येते. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या प्रयोगशाळा चाचण्यांनीच कळतो. मग एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभरात सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी कितीजणांना पुढच्या चाचणीचा निष्कर्ष प्रत्यक्ष कळला, हा प्रश्न विद्यार्थ्याला पेलणारा आहे आणि त्याचे उत्तर वैद्यकीय अधिकाऱ्यालाही हवे असते.

हा प्रश्न वर्गात कसा उलगडावा, ते काल्पनिक आकड्यांनी सांगते. समजा, १२०० जणांची तपासणी झाली आणि १४४ जण पॉझिटिव्ह आले. त्यांपैकी १०० जणांचे नमुने पुढे पाठवले गेले, ८० जणांचे अहवाल केंद्रात परत आले आणि ६० जणांना ते समजावून सांगितले गेले. आता एक विद्यार्थी म्हणेल, ८० पैकी ६०, म्हणजे ७५ टक्के लोकांना निष्कर्ष कळला. दुसरा म्हणेल, १४४ पैकी ६०, म्हणजे सुमारे ४२ टक्के. अंश तोच, रजिस्टर तेच, बेरीज कोणाचीही चुकलेली नाही; तरीही एक आकडा वाचून केंद्राचे काम समाधानकारक वाटते आणि दुसरा वाचून चिंता वाटते. कोणता छेद घ्यावा, हे विद्यार्थ्याने प्रश्न लिहितानाच, म्हणजे आकडे हाती येण्याआधी ठरवायला हवे. आकडे पाहून छेद ठरवला, तर माणूस नकळत आपल्याला सोयीचा छेद निवडतो आणि मी हे अनुभवी लोकांच्या बाबतीतही पाहिले आहे.

रजिस्टरनंतर गृहभेटी आल्या, की छेद पुन्हा निसटू लागतो. विद्यार्थ्यांची बस सकाळी अकराला गावात पोहोचते आणि दुपारी दोनला परत निघते. कापूस वेचणीच्या दिवसांत त्या वेळी घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात. रामटेक-पारशिवनीकडच्या गावांत तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेच माणसे जंगलात गेलेली असतात. कुलूप लावलेले घर सोडून शेजारच्या घरी जाण्याची मुभा दिली, तर तुमच्या अभ्यासात फक्त न कमावणारी माणसे उरतात. म्हणून बंद घराची नोंद करावी, निदान दोन वेळा, त्यातली एकदा संध्याकाळी, परत जावे आणि तरीही न भेटलेल्यांची संख्या अहवालात स्पष्ट लिहावी. आशाताईंची मदत अनमोल असते, त्यांच्याशिवाय गावात दार उघडत नाही. परंतु आरोग्यसेवेबद्दलचे प्रश्न विचारताना त्यांनी थोडे दूर थांबावे, हे त्यांना आदराने आधीच सांगून ठेवावे. त्यांच्यासमोर ‘ताई आल्याच नाहीत’ असे कोणतीही बाई म्हणणार नाही.

नमुन्याचा आकार हा विषय मुलांना सर्वात अवघड वाटतो आणि तो शिकवण्याची माझी पद्धत साधी आहे. पांढरे काबुली चणे हजार मोजून घ्यावेत, त्यांतले दोनशे जेन्शियन व्हायोलेटने रंगवून वाळवावेत आणि सगळे एका डब्यात मिसळावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने न पाहता ५० चणे काढून रंगीत किती ते सांगावे. खरे प्रमाण २० टक्के असल्यामुळे अपेक्षित उत्तर १० आहे, पण वर्गात साधारण ५ पासून १५ पर्यंतची उत्तरे येतात आणि चूक कोणाचीच नसते. ज्याला ५ मिळाले तो ‘प्रमाण १० टक्के’ म्हणून लेख लिहील आणि ज्याला १५ मिळाले तो ‘३० टक्के’ म्हणून. विश्वासमर्यादा, म्हणजे खरे प्रमाण ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावे असा अंदाज, हे यानंतर वेगळे समजवावे लागत नाही. मग ४पीक्यू भागिले डी-वर्ग हे सूत्र द्यावे (पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा, डी म्हणजे चालणारी चूक) : प्रमाण २० टक्के धरले आणि चार टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल तर ४०० जण लागतात, आठ टक्क्यांपर्यंतची चालणार असेल तर १०० पुरतात. अचूकता दुप्पट करायची तर माणसे चौपट लागतात, हे कळल्यावर विद्यार्थी आपल्या दोन महिन्यांत काय शक्य आहे याचा हिशोब स्वतः करतो.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. आकड्यांच्या विश्लेषणासाठी एपी इन्फो विनामूल्य आहे, संदर्भांसाठी झोटेरो विनामूल्य आहे आणि मुले दोन्ही आपल्यापेक्षा लवकर शिकतात. मात्र प्रोफॉर्मा (प्रत्येक व्यक्तीची माहिती भरण्याचा छापील नमुना) आणि मास्टर चार्ट (त्या साऱ्यांचा एकत्रित तक्ता) यांवर मी पुष्कळ वेळ घालवते. रिकामा रकाना आणि ‘नाही’ हे उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपरवर तंबाखूचा उल्लेख नसेल, तर रुग्ण तंबाखू खात नाही असे नव्हे. कोणी विचारले नाही, इतकेच आपल्याला कळते. मास्टर चार्टमध्ये ‘नाही’, ‘नोंद नाही’ आणि ‘सांगण्यास नकार’ यांना वेगवेगळी खूण असलीच पाहिजे. मूळ प्रोफॉर्मा पेनाने भरलेला, तारखेसह, विभागात राहावा; चुकीवर एक रेघ मारून शेजारी योग्य नोंद आणि सही करावी, व्हाइटनर वापरू नये. पन्नास प्रोफॉर्मा एकाच शाईत, एकाच दाबाच्या अक्षरात, कडा न दुमडलेले असे आले, तर विद्यार्थ्याला एकांतात बोलावून शांतपणे विचारावे. मी असे विचारले आहे आणि बहुतेक वेळा मुलांनी खरे सांगितले आहे : वेळ संपत आला होता, सरांना संख्या हवी होती. संख्या कमी असली तरी चालेल, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर त्यांच्यावर ही पाळी आली नसती.

जी नोंद इतरांशी जुळत नाही ती काढून टाकण्याचा मोहही इथेच होतो. विद्यार्थ्यांना मी चांदीपुरा विषाणूची गोष्ट सांगते. १९६५ मध्ये नागपुरातील तापाच्या साथीचा तपास करताना दोन रुग्णांच्या रक्तातून मिळालेला विषाणू माहीत असलेल्या विषाणूंशी जुळेना. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तो बाजूला टाकला नाही. त्याचा अभ्यास करून त्याला इथल्या चांदीपुरा या ठिकाणाचे नाव दिले. पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली, ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली आणि त्या साथीचा संबंध याच विषाणूशी जोडला गेला. दोन न जुळणाऱ्या नमुन्यांची नीट ठेवलेली नोंद अडतीस वर्षांनी कामी आली.

संशोधनाची नैतिक बाजू तपासून परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला अडथळा समजण्याची वृत्ती विद्यार्थी आपल्याकडूनच उचलतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जोखमीप्रमाणे सूट, जलद परीक्षण किंवा पूर्ण समितीचे परीक्षण असे तीन मार्ग आहेत. यांपैकी कोणता लागू होतो हे समिती ठरवते, गाईड नव्हे, आणि परवानगी आकडे गोळा करण्याआधी घ्यायची असते. संमतीपत्राचा मसुदा विद्यार्थ्यांकडूनच मराठीत लिहून घ्यावा आणि वॉर्डाबाहेर बसलेल्या एखाद्या नातेवाइकाला वाचून दाखवायला सांगावे. ‘आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून’ हे वाक्य ऐकून माणूस मान हलवतो, पण त्याला काही कळलेले नसते. ‘तुम्ही नाही म्हटलं तरी इथला इलाज आणि औषध बंद होत नाही’ असे म्हटले, की तो पहिल्यांदा विचार करतो. कामठीकडे हिंदी लागेल, गडचिरोलीच्या काही भागांत गोंडी. तिथे दुभाष्याला आधी प्रोफॉर्मा समजावून द्यावा लागतो. नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावेत आणि केसपेपरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर कधीही टाकू नयेत.

प्रमाणपत्र हवे असणाऱ्या मुलांवर तुम्ही रागावू नये, अशी माझी विनंती आहे. आयसीएमआरची ही विद्यार्थी योजना १९७९ पासून सुरू आहे, दोन महिन्यांत पूर्ण होईल असा एक प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः हाताळावा असा तिचा हेतू आहे आणि अहवाल मान्य झाल्यावरच प्रमाणपत्र मिळते. ती अट शिकण्याच्या बाजूचीच आहे. धोका छापील लेखाच्या घाईत आहे. पैसे भरले की आठवड्यात लेख स्वीकारणारी नियतकालिके मुलांना ईमेल पाठवत असतात. परीक्षण कोण करते, संपादक मंडळातील माणसे खरी आहेत का, नियतकालिक मेडलाइन किंवा डीओएजे या मान्यताप्राप्त सूचींत आहे का, हे तपासायला शिकवावे. लेखकांची नावेही पहिल्याच बैठकीत ठरवून लिहून ठेवावीत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत : अभ्यासात ठोस वाटा, लेखनात वाटा, अंतिम मसुद्याला संमती आणि मजकुराची जबाबदारी, हे चारही पूर्ण करणारा तो लेखक. विभागात वरिष्ठ आहेत म्हणून नाव घालण्याची प्रथा विद्यार्थ्यासमोर मोडणे नव्या शिक्षकाला जड जाते, हे मी जाणते. निकषांचा कागद बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवला, तर ते थोडे सोपे होते.

दीडशेच्या दीडशे मुलांकडून स्वतंत्र अभ्यास करून घेण्याचा प्रयत्न मात्र करू नका. सर्वांनी रक्तदाबाचा आणि चण्यांचा सराव करावा, एखादा छापील लेख हातात घेऊन त्यातला छेद शोधावा, इतके पुरेसे आहे. ज्या दहा-बारा मुलांना पुढे जायचे आहे त्यांचे दोन गट करा आणि दर शुक्रवारी तासभर त्यांच्यासोबत मूळ प्रोफॉर्मा घेऊन बसा. ‘ईमेलवर पाठवा, मी पाहतो’ यावर समाधान मानू नका. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष एका पानावर मराठीत लिहून त्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना विद्यार्थ्यांनी स्वतः नेऊन द्यावा. आमच्या एका गटाने असे पान नेले, तेव्हा तिथल्या आशाताईंनी यादी पाहून विचारले, की आमच्या गावातून रोजीसाठी बाहेर गेलेली घरे तुम्ही यात धरली का? मुलांनी ती धरली नव्हती. पुढच्या शुक्रवारची बैठक त्या प्रश्नापासून सुरू झाली.